गरी टाकायला जागा ठेवा

ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस गोव्यातून पाय काढता घेतो आणि पणजीच्या नदीकाठी गरीवाले, म्हणजे गळ टाकून मासे धरणारे, परततात. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला बघावे. बांदोडकर मार्गाच्या कठड्याशी, जुन्या सचिवालयासमोर, रायबंदरच्या वाटेवर माणसे पाण्याकडे तोंड करून बसलेली असतात. कचेरीतून सुटलेला कारकून असतो, पाळी संपलेला बसकंडक्टर असतो, निवृत्त मास्तर असतात आणि पाठीवरचे दप्तरही न उतरवलेली दोन-तीन पोरे हमखास असतात. कुणाकडे रीळ लावलेली महागडी काठी, तर कुणाकडे नुसती प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी. पण सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी लागलेली.

शरदावर लिहायचे तर कोजागरीचे चांदणे आणि आटीव दूध यांपासून सुरुवात करायची आपली रीत आहे. मी या आठवड्यात गरीपासून करतो, कारण गोव्यात पावसाळा सरल्याची वर्दी आधी नदीच्या पाण्याला लागते, आणि ते पाणी वाचणारी माणसे ही आहेत.

पावसाळ्यात म्हादईच्या खोऱ्यातले सगळे पाणी मांडवीत येते. पणजीपाशी समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही नदीचे वरचे पाणी तेव्हा गोडे आणि गढूळ असते. पाऊस थांबला की वरचा लोट ओसरतो आणि प्रत्येक भरतीबरोबर खारे पाणी थोडे थोडे आत सरकते. मांडवीत भरती-ओहोटी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, पार गांजेपर्यंत जाणवते. म्हणजे पणजीच्या कठड्याला चढलेले पाणी पुढे आमच्या डिचोली तालुक्यालाही लागते. सारमानसच्या फेरी धक्क्याला लागते, आमोण्याच्या पुलाखालून वर सरकते. त्या खाऱ्या पाण्याबरोबर मासळी आत येते. यांत्रिक बोटींवरची बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते, त्यामुळे बाजारात मासळी ऑगस्टपासूनच दिसते. काठावरच्या माणसाला मात्र नदी निवळेपर्यंत थांबावे लागते.

गरी हे वाट बघण्याचे काम आहे असे ज्याने कधी दोरी हातात धरली नाही तोच म्हणेल. आमिषाचे सुंगट, म्हणजे कोळंबी, जिवंत हवे. त्याच्या डोक्याच्या पारदर्शक कवचात एक काळपट ठिपका दिसतो. त्याला धक्का न लावता, पुढच्या टोकाशी गरी अलगद ओवायची. ठिपक्याला टोक लागले की सुंगट मेले, आणि मेलेल्या सुंगटाकडे चणक ढुंकूनही बघत नाही. शिसे किती वजनाचे लावायचे ते ओढीवर ठरते. उधाणाच्या दिवसांत पाणी इतके जोरात धावते की हलके शिसे तळाला टेकतच नाही. अष्टमीच्या आगेमागे, भांगाला, तेच शिसे पुरते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. आज सहाला पाणी फिरले तर उद्या सात वाजायच्या थोडे आधी, हा हिशेब काठावरच्या नववीतल्या मुलालाही तोंडपाठ असतो. शेंगटी लागली तर तिला हातात कसे धरायचे, पाठीचा आणि कल्ल्यांजवळचा काटा आधी कसा मोडायचा, हे शेजारी बसलेला अनोळखी माणूस दाखवतो. तो काटा लागला की रात्रभर हात ठणकतो. या शिक्षणाला फी नाही आणि शिकवणाऱ्याचे नावही बऱ्याचदा शिकणाऱ्याला माहीत नसते.

चणकाबद्दल थोडे अधिक. रायगडकडची मंडळी ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात वाढतो आणि प्रजननासाठी नदीच्या मुखाकडे उतरतो. त्याचे आयुष्य नर म्हणून सुरू होते आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, तोच मासा मादी होतो. म्हणजे काठावर टाळ्या घेणारा मोठा चणक ही बहुधा अंड्यांनी भरू शकणारी मादी असते. ओळखीच्या एका म्हाताऱ्या गरीवाल्याला हे शास्त्र पुस्तकातून कळलेले नाही, पण हातभरापेक्षा मोठा चणक तो पावसाच्या तोंडावर घेत नाही, सोडून देतो. ‘पुढच्या वर्साक जाय मरे,’ एवढेच त्याचे स्पष्टीकरण. २०१६ साली गोवा सरकारने शेवटो हा राज्यमासा म्हणून जाहीर केला. तो चिखलावरचे शेवाळ आणि गाळ चरणारा, सुंगटाला सहसा न भुलणारा मासा; त्यासाठी कणकेची बारीक गोळी आणि फार बारीक गरी लागते. राज्यमाशाचा मान मिळाला हे चांगलेच झाले. पण तो मासा पकडायला शिकायची जागाही राहिली पाहिजे, आणि माझा या आठवड्याचा मुद्दा तोच आहे.

ऑक्टोबरात गोव्यात ‘सीझन’ सुरू होतो असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर चार्टर विमाने, शॅक आणि हॉटेलांची बुकिंगे असतात. नदीकाठाचा विचारही आपण त्याच सीझनच्या हिशेबाने करू लागलो आहोत. पणजीसमोर मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, त्यांचे धक्के काठावर आहेत, आणि गरीवाला दोरी सोडतो त्याच वेळेला त्यांची गिऱ्हाइके त्याच रस्त्यावर गाड्या लावायला येतात. सुशोभीकरणाच्या कामांत बाक येतात, दिवे येतात, सेल्फीसाठी रंगीत अक्षरे येतात. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या मात्र क्वचित येतात. काठ म्हणजे लांबून बघायचे चित्र, अशी ती कल्पना आहे. ती मला मान्य नाही. नदीच्या शहरात नदीला हात लावता आला पाहिजे.

गावाकडे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. खाजन शेतांच्या बांधांवर मानस असते, खारे पाणी आत-बाहेर सोडणारी दारे असलेली. मानशीतून ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडणारी मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि ज्याने पावणी घेतली तो जाळे लावतो. तो हक्क रास्त आहे, कारण त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी अशी मूळ व्यवस्था आहे. पण मानशीपासून दूर, नुसत्या बांधावर दोरी घेऊन बसलेल्या पोराला हाकलण्याचा हक्क त्यातून मिळतो असे मला वाटत नाही. आणि जिथे बांधच फुटून शेत खारवले, किंवा भराव घालून बुजवले, तिथे पावणीही गेली आणि पोरही गेले.

गरी सगळ्यांनाच आवडेल असे नाही. मासा गरीला लागून तडफडतो हे काहींना बघवत नाही, आणि त्यात काही चूक नाही. त्यांच्यासाठी हाच काठ पक्ष्यांचा आहे. पणजी ते रायबंदर हा खाऱ्या पाण्यातून जाणारा सुमारे ३.२ किलोमीटरचा रस्ता १६३३-३४ साली लिन्यारिशच्या काउंट या पोर्तुगीज विसरईच्या काळात बांधला गेला. दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मिठागरे. सकाळी साडेसहाला, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत, एकदा तिथे सायकलने जाऊन बघा. तुतवार चिखलात चोच खुपसत धावत असतात, धोबी शेपटी हलवत पाण्याच्या कडेने फिरत असतात. पुढे रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरले की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ साली जाहीर झालेले, जेमतेम १७८ हेक्टरांचे, सगळे खारफुटीचे. तिकडे पेडण्यात मोरजीला, शापोरा नदीच्या मुखाशी, थंडीच्या तोंडावर कुरवांचे थवे वाळूवर उतरतात. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांवर वीण करून इथे येतात. त्याच वाळूवर पुढच्या महिन्यांत कासवे अंडी घालायला चढतात. या सगळ्यासाठी लागते काय? एक साधी दुर्बीण, आणि ती नसेल तर नुसती शांतता.

मी डिचोलीतल्या पाळी गावचा. आमचे गाव खाणींच्या पट्ट्यातले. टिपर ट्रकांच्या रांगा, लाल धूळ, पावसात शेतात उतरणारा खनिजाचा गाळ, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, नंतर काही काळ चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या बंदीने अनेकांच्या चुली विझल्या. ती झळ मी जवळून पाहिली आहे, म्हणून त्या दिवसांचे कौतुक करायला जीभ रेटत नाही. पण एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. त्या वर्षांत ऑक्टोबरच्या सकाळी गावातल्या बायका रस्त्यावर फिरायला निघू लागल्या. पोरे सायकली घेऊन मयेच्या तळ्यापर्यंत, हरवळ्याच्या धबधब्यापर्यंत जाऊ लागली. धूळ नसली की माणसे आपोआप बाहेर पडतात, त्यासाठी मोहीम काढावी लागत नाही. आता डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. ते चालायचे असेल तर चालो, पण वाहतुकीच्या वेळा ठरवताना सकाळचा तास-दीड तास माणसांसाठी मोकळा ठेवणे कठीण नाही. आणि एक बजावून सांगतो: सोडून दिलेल्या खाणींच्या खंदकांत साचलेले पाणी निळेशार दिसते म्हणून तिथे पोहायला किंवा गरी टाकायला मुलांना जाऊ देऊ नका. त्याचे काठ सरळ तुटलेले असतात आणि खोलीचा अंदाज येत नाही.

शरदातला पोरांचा सर्वात मोठा मैदानी छंद म्हणजे नरकासुराचा पुतळा बनवणे. दसरा झाला की वाड्यावाड्यांवर बांबू कापले जातात, शेतात नुकत्याच झालेल्या कापणीचा पेंढा गोळा होतो, जुनी वर्तमानपत्रे मागत पोरे दारोदार फिरतात. सांगाडा कसा तोलायचा, हात हलवायचे तर दोरी कुठून ओवायची, हे सोळा वर्षांचा मुलगा दहा वर्षांच्या मुलाला शिकवतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे तो जाळायचा, मग तुळशीपुढे कारीट फोडायचे आणि घराघरांतून पोहे खायचे. हे मला मनापासून आवडते. रात्रभर भिंती हादरवणारे ध्वनिवर्धक आणि तयार विकत आणलेले मुखवटे आवडत नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, हा नियम देशभर आहे आणि नरकासुराच्या रात्री तो गोव्यातही लागू होतो. सकाळी रस्त्यावर उरलेली लोखंडाची चौकट ज्या मंडळाची, त्याच मंडळाने ती उचलावी.

याच्या उलट एक उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. साखळीजवळ विठ्ठलापूरला, वाळवंटीच्या काठी, त्रिपुरारी पौर्णिमेला तरुण मंडळी आपल्या हातांनी बनवलेल्या होड्या दिवे लावून नदीत सोडतात. विठ्ठलाच्या देवळासमोरचा घाट माणसांनी भरलेला असतो. पाण्यात कंबरभर उतरलेली पोरे आपापल्या होड्यांना धक्का देतात आणि होडी कलंडली की अख्खा काठ हळहळतो. हे शक्य आहे कारण तिथे घाट आहे आणि पायऱ्या पाण्यात उतरतात. पायऱ्यांच्या जागी सहा फुटी काँक्रीटची संरक्षक भिंत असती तर ही पौर्णिमा तशी झाली नसती.

म्हणून मागणी साधी आहे. पणजीत असो, डिचोलीत असो, पेडण्यात असो, नदीकाठाचे कोणतेही काम काढताना ठरावीक अंतरावर पाण्यापर्यंत पायऱ्या आणि गरी टाकायला मोकळी जागा आराखड्यातच दाखवा. वापरात नसलेले फेरी धक्के कुणाला भाड्याने देण्याआधी गावाला विचारा. खाजन बांधावरची पाऊलवाट सर्वांसाठी खुली ठेवा, आणि पावणीच्या अटींत ते लिहून घ्या. गरीवाल्यांनीही तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकून जाऊ नये, बगळ्यांच्या पायांत ती अडकते.

गोव्यात पंचायतींच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी भरतात. ऑक्टोबरची सभा ऐन या दिवसांत येते. तुमच्या गावाला नदी, खाडी किंवा तळे असेल तर त्या सभेला जा आणि काठावरच्या पायऱ्यांचा ठराव मांडा. अनुमोदन द्यायला शेजारच्या एखाद्या गरीवाल्याला बरोबर न्या.