गिळलेला राग

वय झाले की माणूस चिडका होतो, असे आपल्या वस्तीत सर्रास बोलले जाते. आम्हास हे पटत नाही. नळावर हमरीतुमरीवर येतात ते बहुधा पंचविशी-तिशीतले. साठीच्या आजीबाई हंडा घेऊन बाजूला उभ्या असतात.

राग प्रसंगाने येतो आणि जातो, तो एक. आणि ज्याच्या नाकावरच बसलेला असतो, तो त्याचा स्वभाव. अमेरिकेत सिएटल शहरी १९९० पासून मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. त्यातले रागाविषयीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. या स्त्रिया ३५ ते ५५ वयाच्या होत्या. वय वाढले तसा तापटपणा उतरत गेला, कोणी बोलले की भडकणे आणि अंगावर धावून जाणेही कमी झाले. (अन्यायाची चीड ही निराळी गोष्ट. ती ऐंशीव्या वर्षीही शाबूत असावी!)

परंतु मनात दाबलेल्या रागाचा वयाशी काही संबंध दिसला नाही. हे वाचून आम्ही विचारात पडलो. नवी सून म्हणून गप्प, पोरे लहान म्हणून गप्प, काम सुटेल म्हणून धुण्याभांड्याच्या घरी गप्प. अशा बाईला सगळे घर ‘शांत स्वभावाची’ म्हणून वाखाणते. ती खरोखर शांत आहे, की तिला कोणी बोलूच दिले नाही? परदेशातला अभ्यास आपल्या बायांना तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण हा प्रश्न आपल्याही घरातला आहे. वय झाले की आपोआप निवळेल, या भरवशावर तो सोडू नये. नवऱ्याने, मुलांनी कधी जेवणे आटोपल्यावर तिच्याजवळ बसावे आणि तिला काय खुपते ते विचारावे. ती बोलू लागली की मध्येच ‘जाऊ दे ना’ म्हणू नये. या तीन शब्दांनीच पुष्कळ राग गिळायला लावला आहे.

आणखी एक. जन्मभर शांत असलेले आजोबा किंवा आजी अचानक चिडचिड करू लागले, तर ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. ऐकू कमी येत असेल, सांधे दुखत असतील, मन उदास असेल, एखादे औषध सोसत नसेल, किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. सरकारी दवाखान्यात दाखवा, आणि स्वभाव केव्हापासून बदलला ते डॉक्टरांना नक्की सांगा.