माळावरचे दगड आणि गावची वही

सुगी आटोपली, माळावरचे गवत वाळले, म्हणजे शाळेची मुले घेऊन दर रविवारी आम्ही माळ तुडवितो. गेल्या मार्गशीर्षात ओढ्याकाठच्या घाणेरीच्या जाळीत मुलांस एक उभा दगड सापडला. दगडावर तीन कप्पे. खालच्यात गाई आणि ढाल-तरवारीनिशी लढत पडलेला गडी. मधल्यात अप्सरा त्यास वर नेत आहेत. वरच्यात तो पिंडीपुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य. ही वीरगळ. गुरे वळवून नेणाऱ्यांच्या मागे धावून जो पडला, त्याचा हा दगड.

धनगरवाड्यातील एक म्हातारा तेथे शेळ्या राखीत होता. तो म्हणाला, “गुरुजी, हा गाईराखा. आमच्या आज्याच्या वेळी गाय व्याली, की पहिला चीक ह्यालाच वाहात. असाच दुसरा पलीकडे होता, तो रस्त्याच्या मोरीत गेला.” मुलांनी ते सर्व जागच्या जागी वहीत लिहून घेतले. चैत्रात तो म्हातारा वारला. गाईराखा हे नाव आता आमच्या वहीत आहे. गावात ते जाणणारा दुसरा कोणी आम्हांस अद्याप भेटला नाही.

शेतकरी बंधूंनो, राजांची नावे ताम्रपटांत राहिली, सरदारांची सनदांत राहिली. आपल्या वाडवडिलांच्या घरी कागद कोठून असणार? महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळींवर अक्षर नाही. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळींवर गलबतांची लढाई कोरली आहे, म्हणून विद्वान तेथे गेले. आपल्या बांधावरच्या दगडाकडे कोण येणार? त्याची जागा, त्याचे नाव व त्याची गोष्ट गावच्या तोंडी आहे तोवरच आहे.

आणि पिकते तेथे विकत नाही, असे आपले झाले आहे. अलिबागेजवळ अक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मराठी शिलालेख कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेस पडून होता. राजापूर तालुक्यातील बारसू, कशेळी, देवाचे गोठणे येथील सड्यांवरची कातळचित्रे गुराख्यांच्या रोजच्या पायाखालची. गावोगाव पायी हिंडून, गुराख्यांस विचारून त्यांची नोंद झाली, तेव्हा २०२२ साली कोकणच्या कातळशिल्पांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत चढले. आधी पाहिले ते गुराख्याने, हे विसरू नये.

तेव्हा दगड ओळखावयास शिका. कोपरात वाकलेला, बांगड्यांचा हात दिसला, तर तो सतीचा दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री असेल, तर तो गद्धेगाळ. दिलेले दान जो मोडील त्यास ती शिवी आहे. लाजेने त्यास पुरून टाकू नका. चंद्र-सूर्य म्हणजे खाली धन आहे, असे सांगणारे भामटे फिरतात व लोक रात्री खणतात. धन नाही, बाबांनो! चंद्र-सूर्य आहेत तोवर हे टिको, इतकाच त्याचा अर्थ. विदर्भातील माळांवर जुनापाणीसारख्या ठिकाणी मोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. तसल्या वर्तुळांखाली लोखंडी कुऱ्हाडी व छिन्न्या निघाल्या आहेत. आपल्या लोहारांनी तो आपलाच इतिहास समजावा.

पुष्कळांच्या मनात भीती असते, की दगड नोंदविला तर जमीन जाईल. ही भीती अगदी पोकळ नाही. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करू देत नाहीत. परंतु १९५८ च्या कायद्याप्रमाणे संरक्षणाआधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतीस दोन महिन्यांची मुदत असते. शाळेच्या वहीत लिहिल्याने कोणाच्या सातबाऱ्यावर काही चढत नाही. गावोगावच्या बहुतेक वीरगळींस तर हे संरक्षणही नाही. मालकास विचारूनच लिहावे, म्हणजे झाले.

वहीत काय लिहावे? गावाचे व शेताचे नाव, गट नंबर, दगडाची लांबी-रुंदी, तोंड कोणत्या दिशेस, कोणत्या कप्प्यात काय आहे, लोक त्यास काय म्हणतात आणि हे कोणी सांगितले. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात मोबाईलवर चित्र घ्यावे, अक्षरे उठून दिसतात. खडूने घासू नये, छिन्नी लावू नये, शेंदूर व तैलरंग थापू नये. दगड हलवू नये. कारण तो कोठे उभा आहे हीच त्याची अर्धी साक्ष. अक्षर दिसल्यास तहसीलदारांस व राज्याच्या पुरातत्त्व खात्यास लेखी कळवून पोच घ्यावी.

ह्या कामास चार आण्यांची विद्या पुरते. पाय मात्र हवेत. आमच्या वहीत एका हिवाळ्यात अकरा दगड चढले. मोरीत गेलेल्या बाराव्याची केवळ जागा लिहिली आहे. आपल्या गावच्या म्हाताऱ्यांस ह्याच आठवड्यात विचारा. दगड आणखी शंभर वर्षे उभा राहील. सांगणारा राहीलच असे नाही.