जनरेटर घेण्याआधी जागा शोधा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या गावात सुपारीच्या झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. घरी वीज परत यायला अठरा दिवस लागले. विहिरीत पाणी होतं, पण पंप बंद. बाबा रोज सकाळी पोहऱ्याने पाणी शेंदायचे आणि आई कंदिलाच्या उजेडात स्वयंपाक करायची. आम्ही ते दिवस कसेबसे काढले.

आता मात्र तसं भागणार नाही. गेल्या वर्षीपासून आईला इन्सुलिन सुरू झालं आहे. साठवणीच्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागतं, म्हणजे फ्रिज लागतो आणि फ्रिजला वीज लागते. बाबांचा खांदाही आता पोहरा ओढण्याच्या स्थितीत नाही. म्हणून यंदा मे महिन्यात सुट्टी काढून घरी गेले, ती जनरेटर घ्यायचाच असं ठरवून. बजेट होतं पंचवीस हजार रुपये.

जनरेटर घेतला, आठवडाभर तपासलाही. त्यात काही गोष्टी बरोबर झाल्या आणि एक मोठी चूक होता होता राहिली. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून या वेळचा हा लेख.

आधी विचारा, जनरेटर हवाच आहे का?

तुमच्याकडे वीज दोन-तीन तास जात असेल, तर जनरेटरच्या वाटेला जाऊ नका. इन्व्हर्टर पुरेसा आहे. हिशोब सोपा आहे. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १५० गुणिले १२, कागदावर १८०० वॉट-अवर. त्यातले काही वाया जातात. तरी तीन पंखे आणि चार एलईडी दिवे मिळून ३०० वॉटचा भार धरला, तर चार तास आरामात निघतात. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलही नाही.

जनरेटरचा उपयोग वीज दिवसेंदिवस जाते तिथे, कारण बॅटरी एकदा संपली की ती चार्ज करायलाही वीजच लागते. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर उत्तर स्पष्ट आहे. बाल्कनीत, गॅलरीत, जिन्यात किंवा पार्किंगच्या बंदिस्त तळघरात पेट्रोलचा जनरेटर कधीही चालवायचा नाही. कारण पुढे येईलच.

खोक्यावरचा आकडा आणि पाटीवरचा आकडा

माझा पहिला विचार होता ऑनलाइन दिसणारा ९५० वॉटचा छोटा टू-स्ट्रोक जनरेटर मागवण्याचा. किंमत निम्मी. पण शेजारच्या अण्णांकडे तसाच एक होता, तो बाबांनी एका दुपारी मागून आणला. दिवे लागले, फोन चार्ज झाले, फ्रिजही कुरकुरत सुरू झाला. मग विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप लावला. पंपाने नुसतं ‘हूं’ केलं आणि जनरेटर गप्प झाला.

मोटर असलेल्या वस्तूंचं हे असंच असतं. अर्ध्या एचपीचा पंप चालताना साधारण ५५० वॉट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याला त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त लागतात. फ्रिज चालताना दीडशे वॉटच्या आसपास असतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना तोही झटका देतो. म्हणून नुसती वॉटची बेरीज करून भागत नाही. चालणारा सगळा भार, अधिक सर्वांत मोठ्या मोटरचा सुरुवातीचा झटका, असा हिशोब धरायचा.

आम्ही शेवटी तालुक्याच्या दुकानातून फोर-स्ट्रोक जनरेटर आणला, २४,५०० रुपयांना. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २२०० वॉट लिहिलं होतं. यंत्राच्या पाटीवर मात्र ‘रेटेड’ १८०० वॉट. मोठा आकडा असतो काही क्षणांपुरता, तासन् तास चालवायचा तो लहान आकडा. खरेदी करताना पाटीच वाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांप्रमाणे मान्यता असल्याचं लेबल आहे का, तेही तिथेच पाहा. आणि दुकानदार ‘सगळं घर चालेल’ म्हणाला, तर घरात काय काय आहे ते त्याला आधी सांगा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी

नवीन फोर-स्ट्रोक जनरेटर बहुतेक वेळा इंजिन ऑइलशिवाय येतो. आमचाही तसाच आला. माहितीपुस्तिका न वाचता बाबांनी दोरी ओढली असती, तर पहिल्याच दिवशी इंजिन बाद झालं असतं. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल, सांगितलेल्या खुणेपर्यंत, यंत्र सपाट जमिनीवर ठेवून घालायचं. मग पेट्रोल. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. दोन्हींत गल्लत करू नका.

सुरू झाल्यावर काहीही जोडण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहिलं. भार नसताना २३२, फ्रिज आणि दिवे लावल्यावर २२१. आपल्याकडे २३० व्होल्ट अपेक्षित असतात, तेव्हा हे ठीक होतं. तीन-चारशे रुपयांच्या मीटरने हे कळतं, मग महागडा फ्रिज जोडून नशीब का आजमावायचं?

पडवीचा वाद

आता ती होता होता राहिलेली चूक. जनरेटर ठेवायचा कुठे?

बाबांचं उत्तर तयार होतं. “पडवीत. पावसात बाहेर ठेवून भिजवायचा का? आणि पडवी तीन बाजूंनी उघडीच आहे.”

“बाबा, धूर घरात येईल.”

“दार लावून घेऊ.”

बाबांची अडचण खोटी नव्हती. कोकणातल्या पावसात जनरेटर उघड्यावर चालवणं म्हणजे शॉक लागण्याला आमंत्रण. पण पडवीत चालवणं त्याहून वाईट. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अशक्त वाटतं. दिवसभराचा थकवा समजून माणूस आडवा होतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, तरी हा धोका जात नाही.

वाद घालण्यापेक्षा करून पाहू, असं ठरलं. पाऊस नव्हता. जनरेटर अंगणात, पडवीपासून दहा फुटांवर ठेवला आणि सुरू केला. घराची पुढची दारं लावली. दहा मिनिटांत आईची आतून हाक आली, “अरे, इथे मधल्या खोलीत पेट्रोलचा वास येतोय!” वारा समुद्राकडून होता आणि धूर कौलांच्या फटींतून आणि खिडकीतून सरळ आत जात होता. आईला जो वास आला तो धुरातल्या इतर घटकांचा. त्याच्याबरोबर जो बिनवासाचा वायू येतो, तो कुणालाच कळत नाही. लगेच जनरेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. त्यानंतर बाबांनी पडवीचं नाव काढलं नाही.

जनरेटर घरापासून किमान २० फूट, म्हणजे सहा मीटर लांब असावा, त्याचा धूर घराकडे नव्हे तर विरुद्ध दिशेला जावा आणि शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही जाऊ नये, हा जगभर सांगितला जाणारा नियम आहे. आम्ही वाडीच्या कडेला, घरापासून पंचवीस पावलांवर जागा काढली. गवंड्याकडून फूटभर उंचीचा सिमेंटचा ओटा करून घेतला, चार खांब उभे केले, वर उंचावर पत्रा घातला. चारही बाजू उघड्या. पावसाचं पाणी वरून पडत नाही, खालून शिरत नाही आणि धूर कोंडत नाही. या सगळ्याला नऊ हजार रुपये लागले. हा खर्च आमच्या बजेटमध्ये नव्हता. पण जनरेटरच्या किमतीत त्याची जागा धरलेलीच नसते, हे आम्हाला उशिरा कळलं. तुम्ही आधीच धरा.

वादळ चालू असताना मात्र या शेडचाही उपयोग नाही. उडत्या पत्र्यांत आणि आडव्या पावसात बाहेर जायचं नाही. तेवढे तास टॉर्च आणि पॉवर बँक. वारा उतरला की मगच जनरेटर.

झोपायच्या खोलीबाहेर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्मही लावला. तो वाजला किंवा घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा आणि ११२ ला फोन करा.

वायर कुठे जोडायची?

आमच्याकडे एक जुगाड सर्रास चालतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला आणि दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. मेन स्विच बंद केला की झालं, म्हणतात.

आणि मेन स्विच बंद करायचा राहिला तर? जनरेटरची वीज उलट्या दिशेने खांबावरच्या तारेत जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो, त्यामुळे तीच वीज पलीकडे हजारो व्होल्टची होऊ शकते. तिथे वादळानंतर तुमचीच वीज जोडायला कुणाचा तरी मुलगा खांबावर चढलेला असतो. त्याच्या दृष्टीने लाइन बंद आहे. शिवाय वायरची दुसरी पिन सॉकेटमधून निघाली, तर ती हातात जिवंत असते.

आम्ही परवानाधारक वायरमनला बोलावून चेंजओव्हर स्विच बसवला. तो एका वेळी एकच बाजू जोडतो, एकतर खांबावरची किंवा जनरेटरची. अर्थिंगही करून घेतलं. ते जमणार नसेल, तर जाड बाहेरची केबल घेऊन वस्तू थेट जनरेटरला जोडा. केबल पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते.

मग पंपाची परीक्षा. एकटा पंप सुरू झाला, क्षणभर इंजिनाचा आवाज खाली गेला आणि सावरला. फ्रिज चालू असताना पंप लावला, तर जनरेटरचा ब्रेकर पडला. आता घरचा नियम असा: फ्रिज बंद, पंप चालू, टाकी भरली की पंप बंद, मग फ्रिज. तो स्विचच्या खोक्यावर कागदावर लिहून चिकटवला आहे.

लिटरभर पेट्रोलमध्ये किती?

रिकाम्या टाकीत मोजून एक लिटर पेट्रोल घातलं आणि साधारण ५०० वॉट भारावर चालवलं. एक तास पस्तीस मिनिटं चाललं. म्हणजे लिटरमागे एक युनिटसुद्धा वीज नाही! पेट्रोलच्या आजच्या भावात हे युनिट शंभर रुपयांच्या पुढे जातं. त्यामुळे दिवसभर चालवण्याचा विचारच सोडा. आम्ही सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास ठरवले. मधल्या वेळात फ्रिजचं दार उघडायचं नाही आणि आत एक छोटा थर्मामीटर ठेवायचा. त्याच वेळात फोन चार्ज, टाकी भरणं, मिक्सर. रात्री जनरेटर बंद, शेजाऱ्यांचीही झोप शाबूत.

पेट्रोल भरताना जनरेटर बंद करून आधी थंड होऊ द्या. साठवणीचं पेट्रोल थोडंच आणि स्वयंपाकघरापासून लांब.

शेवटची परीक्षा आईची

सगळं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आठवडाभर दोरी मीच ओढत होते. मी परत गेल्यावर कोण ओढणार? बाबांचा खांदा दुखरा. मग आईला उभं केलं. आधी नुसतीच हसली. पेट्रोलचा कॉक उघड, चोक ओढ, दोरी हळू ओढ, घट्ट लागली की मग एकदम जोरात. दोनदा नाही झालं. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं, तेव्हा ती इतकी दचकली की दोन पावलं मागे सरली.

तिलाही जमलं नसतं, तर काही हजार जास्त देऊन बटणावर सुरू होणारा घ्यावा लागला असता. हे दुकानातच पाहायला हवं होतं. जनरेटर ज्याच्यासाठी घेता, त्यालाच दुकानात दोरी ओढायला सांगा.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई फ्रिज जोडून वीस मिनिटं जनरेटर चालवते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं, आणि पडून राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटर तुंबवतं. म्हणून बंद करताना ती कॉक मिटते आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत वाट बघते. मग मला फोन करते. परवा म्हणाली, “दुसऱ्याच झटक्यात झाला हो!”

तुमच्या घरी लांबलचक वीज गेली की काय सोय असते? आणि जनरेटर असेल, तर तो नेमका कुठे उभा असतो? आज एकदा जाऊन पाहा आणि आम्हाला जरूर कळवा.