‘त्यातच’ धरलेली सुरक्षा

२५ वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कारखान्यात चिल्ड वॉटरच्या लाइनचे टेस्टिंग चालले होते. मी तिथे साइट इंजिनिअर होतो. पाइप ६ इंची, टोकाला वेल्ड केलेली एंड कॅप. पाण्याने टेस्ट घ्यायची तर टँकर मागवा, लाइन भरा, मग रिकामी करा. आणि बिल शनिवारच्या आत लावायचे होते. कॉम्प्रेसर हाताशी होता. मी हवा भरायला सांगितली. काटा ७ बारवर पोचता पोचता कॅप सुटली आणि समोरच्या विटांच्या भिंतीत जाऊन रुतली. त्याच रेषेत उभा राहून जॉइंटना साबणाचे पाणी लावणारा हेल्पर दोन मिनिटांपूर्वी चहा आणायला गेला होता.

६ इंची पाइपाच्या तोंडावर ७ बारला सव्वा टनाहून अधिक जोर असतो. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे जॉइंट फुटला तरी थोडे पाणी उडते आणि काटा खाली येतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते. सुटते तेव्हा लोखंड घेऊन सुटते. हे मला तेव्हाही ठाऊक होते, डिप्लोमाला असतानाच शिकलो होतो. तरी पाण्याने टेस्ट घेतली नाही, कारण आम्ही भरलेल्या दरात टेस्टिंगचा एक पैसाही धरलेला नव्हता. पाइपाचा मीटरवर दर, सपोर्टचा किलोवर, इन्शुलेशनचा वेगळा, टेस्टिंग ‘त्यातच’. परांचीचे भाडे ‘त्यातच’, बेल्ट ‘त्यातच’, नव्या पोराला शिकवण्याचे चार दिवसही ‘त्यातच’. जे ‘त्यातच’ असते ते घाईच्या दिवशी सर्वांत आधी गळते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा एसीचा सीझन तोंडावर असेल, म्हणून आधी गॅसबद्दल. १ जानेवारी २०२५ पासून आपल्या देशात एचसीएफसी वापरून नवी उपकरणे बनवणे बंद झाले आहे. आर-२२ आता जुन्या मशिनांच्या सर्व्हिसपुरता उरला. भारताने किगाली दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली आहे आणि २०२८ पासून एचएफसीच्या वापरावरही मर्यादा येणार आहे. आर-४१०एचा तापमानवाढीचा आकडा २०८८, आर-३२चा ६७५ आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेन, याचा अवघा ३ च्या आसपास. बाजार कोणत्या दिशेने चालला आहे हे या तीन आकड्यांतच कळते. गोदरेजने तर २०१२ पासूनच आर-२९०वरचे एसी आपल्याकडे विकायला सुरुवात केली होती. पर्यावरणाच्या बाजूने हा बदल योग्यच आहे, त्याचे स्वागत करायला हवे.

पण आर-२२वर शिकलेल्या हातांना एक गोष्ट कुणी नीट सांगितलेली नाही. आर-३२चा दाब आर-२२च्या साधारण दीडपटीहून जास्त असतो आणि तो पेट घेऊ शकतो. जळला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायूही तयार होतो. प्रोपेनला तर हवेत २ टक्क्यांच्या आसपास प्रमाण झाले की ठिणगी पुरते. दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणजे गळती झाली की जमिनीलगत साचणार. आता आपल्याकडची जुनी सवय आठवा. व्हॅक्यूम पंप वर चढवायचा कंटाळा, म्हणून थोडा गॅस सोडून लाइनमधली हवा हाकलायची आणि नट आवळायचा. आर-२२च्या काळात यामुळे मशीनचे आयुष्य घटत असे. आज त्याच सवयीने आपण बंद खोलीत पेटणारा गॅस सोडतो, आणि शेजारी ब्रेझिंगचा टॉर्च चालू असतो.

त्याहून मोठा धोका शिफ्टिंगच्या कामात आहे, आणि त्याविषयी आपल्या मिस्त्र्यांमध्ये फार कमी बोलले जाते. जुना एसी काढताना पंप डाउन करून गॅस आउटडोअरमध्ये जमा करतात. लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद, कॉम्प्रेसर चालू, मग सक्शनचा व्हॉल्व्ह बंद आणि कॉम्प्रेसर बंद. घाईत एखादा मिस्त्री कॉम्प्रेसर चालू असतानाच फ्लेअर नट सैल करतो, किंवा लाइन कुठे तरी आधीच गळत असते. कॉम्प्रेसर मग हवा ओढू लागतो. आत तेलाचे तुषार आहेत, वर हवा दाबली जाते आहे, बाहेर जायला वाट नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतानाही इंधन पेट का घेते हे आपण सगळे जाणतो. कॉम्प्रेसरच्या पोटातही तेच होते आणि त्याचे कवच फुटते. जपानमध्ये असे अपघात होऊन तिथल्या उद्योगाने तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र इशारे काढले. आपल्याकडे असा स्फोट झाला की ‘सिलिंडर फुटला’ एवढेच कळते आणि कारण तिथेच गाडले जाते. गेज लावल्याशिवाय पंप डाउन करायचा नाही आणि गळकी लाइन असेल तर पंप डाउन करायचाच नाही, रिकव्हरी मशीन वापरायचे. एवढे दोन नियम प्रत्येक मिस्त्र्याच्या डोक्यात बसेपर्यंत सांगत राहिले पाहिजे. ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट घेण्याबद्दल वेगळे लिहायची वेळ येऊ नये, पण येते. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन म्हणजे स्फोट. नायट्रोजनचा सिलिंडर संपला असेल तर त्या दिवशी टेस्ट होणार नाही, इतकेच.

तंत्रज्ञानाने आपले नुसते धोके वाढवलेले नाहीत. नवी मुंबईत डेटा सेंटरची जी कामे उभी राहत आहेत तिथे चिल्ड वॉटरचे पाइप आधी संगणकावर त्रिमितीत जुळवले जातात. डक्ट, केबल ट्रे आणि स्प्रिंकलर एकमेकांना कुठे अडतात ते कागदावरच कळते. मग स्पूल वर्कशॉपमध्ये टेबलावर वेल्ड होऊन, टेस्ट होऊन साइटवर येतात आणि वर फक्त बोल्ट आवळायचे राहतात. मला यात वेळेच्या बचतीपेक्षा मोठी गोष्ट दिसते. जो वेल्डर परांचीवर आडवा पडून डोक्यावरचा जॉइंट मारत होता तो आता कमरेच्या उंचीवर उभा राहून मारतो. तांब्याच्या पाइपांना प्रेस फिटिंग आले, तिथे टॉर्चच लागत नाही. छताच्या पोकळीत आगीची भीती तितकी कमी. उंचीवरचे तास आणि ज्योतीचे तास कमी करणारे प्रत्येक यंत्र महाग वाटले तरी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र वीस मजली सोसायटीच्या छज्ज्यावर बसून आउटडोअर उतरवणाऱ्या मुलापर्यंत यातले काही पोचत नाही. त्याच्या अंगावर बेल्ट असतो, कारण सोसायटीचा वॉचमन बेल्टशिवाय आत सोडत नाही. हुक मात्र अडकवलेला असतो ड्रेनेजच्या पाइपाला, किंवा ज्या ब्रॅकेटचे बोल्ट तो सोडवतो आहे त्याच ब्रॅकेटला. बेल्ट विकत घेतला, पण हुक कशाला लावायचा हे शिकवण्याचे पैसे कुणी धरले नव्हते.

आणि शिकायला तरी कोण आहे? आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा कोर्स दोन वर्षांचा, फिटरचा दोन, वेल्डर आणि प्लंबरचा एकेक. तिथून पास झालेला मुलगा आपल्या साइटवर येतो, पहिले सहा महिने पाइप वाहतो आणि सातव्या महिन्यात मोटारसायकलवरून पार्सल पोचवायला जातो. रोज जवळपास तेवढाच पडतो, अंगावर स्लॅग उडत नाही आणि कुणी एकेरीत ओरडत नाही. ‘हल्लीच्या पोरांना मेहनत नको’ असे म्हणणाऱ्या कंत्राटदारांनी त्यांच्याकडे आयटीआयचे किती मुलगे तीन वर्षे टिकले ते आधी मोजावे. चांगला मिस्त्री दहा वर्षांत घडतो. आपल्याकडचे अनेक जुने मिस्त्री आता पन्नाशीपुढचे आहेत आणि त्यांच्या हातातले कसब उतरवून घ्यायला त्यांच्या बाजूला कुणी उभे नाही.

शिकाऊ उमेदवारी कायद्याने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना अडीच ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पण ४ ते २९ माणसे असलेल्यांनाही ते घेता येतात, ही गोष्ट आपल्यातल्या बहुतेक छोट्या कंत्राटदारांच्या गावीही नसते. विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र आणि चाळिशीपुढच्यांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी या गोष्टी त्यात आहेत. कंत्राटी कामगारांच्या परवान्याची अट मात्र ५० कामगारांपासून पुढे लागते. आपल्यापैकी अनेकांची टोळी बारा-पंधरा जणांची असते. परवान्यासाठी कुणी विचारायला येणार नाही, म्हणून त्या बारा जणांची जबाबदारी अधिकच आपल्यावर येते.

ग्राहक पैसे देत नाही, ही तक्रार मी गेली अनेक वर्षे ऐकतो आहे. ती बव्हंशी खरी आहे. पण न लिहिलेल्या गोष्टीचे पैसे कुणीच देत नसते. टेस्टिंग ‘त्यातच’ लिहून आपण एकमेकांचा दर पाडतो आणि पाडलेला दर शेवटी परांचीवरच्या माणसाकडून वसूल होतो.

तेव्हा या महिन्यात भराल त्या प्रत्येक दरपत्रकात तीन ओळी वेगळ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे रक्कम घाला: टेस्टिंग, उंचीवरच्या कामाची व्यवस्था आणि माणसांचे प्रशिक्षण. ग्राहकाने त्या खोडल्या तर तो कागद आमच्याकडे पाठवा. ग्राहकाचे आणि तुमचे नाव न छापता आम्ही तो पुढच्या अंकात जसाच्या तसा देऊ. आणि ऑगस्टमध्ये आयटीआयचे नवे सत्र सुरू होण्याआधी जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना एकदा भेटून या. दोन मुलगे मागा.