वाराणसीची रेती रिकामी नाही

प्रशासनाच्या भाषेत 'पडीक' हा शब्द फार घातक आहे. नकाशावर जिथे इमारत नाही आणि महसूलही नाही, तिथे तो सहज लिहिला जातो. वाराणसीच्या घाटांसमोर, गंगेच्या पूर्व तीरावर पसरलेल्या रेतीकडे आपण याच नजरेने पाहू लागलो आहोत.

वस्तुतः येथे गंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. वळणाच्या बाहेरच्या, उंच व टणक पश्चिम काठावर शहर वसले; आतल्या बाजूस प्रवाह मंदावून वाळू साचते. ती पावसाळ्यात बुडते, हिवाळ्यात पुन्हा वर येते. म्हणूनच समोरचा तीर मोकळा राहिला आणि घाटावरून सूर्योदय विनाअडथळा दिसतो. शिंदे, भोसले, होळकर यांच्या घाटांचे निम्मे सौंदर्य या मोकळेपणात आहे.

१९८९ मध्ये रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सुमारे ७ किलोमीटर पात्र कासव अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२० मध्ये ते रद्द झाले. २०२१ मध्ये रेतीतून सुमारे ५ किलोमीटर लांबीचा कालवा खणला गेला. त्याच पावसाळ्यातील पुराने तो बुजवला. २०२३ च्या जानेवारीत तेथे तंबूंचे शहर उभे राहिले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले.

समर्थक म्हणतात, साचलेल्या वाळूमुळे घाटांवर पाण्याचा दाब येतो, आणि पर्यटनाने रोजगार वाढतो. पहिल्या मुद्द्याचे उत्तर नदीने स्वतःच दिले आहे. दुसरा मुद्दा खरा आहे. पण नावाड्याची मिळकत ज्या दृश्यावर चालते तेच झाकून कोणाचा रोजगार वाढणार?

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. एकाने पाहिल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, आणि ज्याला तिकीट लावता येत नाही, त्याची किंमत बाजार सांगू शकत नाही. ती जपण्यासाठीच शासन असते. शासनही केवळ तिकिटाचाच हिशेब करू लागले, तर त्याची गरज काय उरली? प्रकल्प-अहवालात उत्पन्नाचा रकाना असतो; गमावलेल्या मोकळेपणाचा नसतो. तो असलाच पाहिजे.

केंद्र शासनाने २०१६ च्या आदेशाने गंगेच्या सक्रिय पूरक्षेत्रातील बांधकामांवर निर्बंध घातले. त्याचे पालन व्हायचे असेल, तर या रेतीची पूररेषा प्रत्यक्ष जागेवर आखून ती सर्वांस दिसेल अशी जाहीर करावी. तंबूंना परवानगी देण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

परगावाहून, परदेशातून काशीला येणाऱ्या मराठी वाचकांनीही एक ध्यानात ठेवावे. रेतीवर मुक्कामाची सोय मागणारा पर्यटकच त्या प्रकल्पाचे समर्थन करीत असतो. १८३० च्या सुमारास शिंद्यांनी बांधलेला घाट स्वतःच्याच भाराने खचला होता. नदीकाठी किती बांधावे याचा धडा आपल्याच पूर्वजांनी मोल देऊन घेतला आहे. तो पुन्हा विकत घेण्याचे कारण नाही.