सुई बारीक, खेच मात्र तीच
रक्त काढण्याची सुई बारीक केली की रुग्णाची सोय झाली, असे आपले कारखानदार समजतात. 21 गेजची सुई सुमारे 0.8 मिलिमीटर जाड, 23 गेजची 0.6. (आकडा वाढला की सुई बारीक, इथे दुकानदारही गोंधळतात!) पण व्हॅक्यूम ट्यूबची खेच तीच राहिली, तर वृद्धांची किंवा केमोथेरपी घेतलेल्यांची नाजूक शीर मिटते, रक्तपेशी फुटतात, नमुना बाद होतो आणि पुन्हा टोचावे लागते. 2 मिलिलिटर रक्त घेणाऱ्या, कमी खेचीच्या ट्यूब बनतात. त्या बटरफ्लाय सुईसोबत एकाच पाकिटात विकाव्यात. रुग्णालये निविदेत नगाचा भाव बघतात. दुसऱ्या टोचणीचा खर्च कोणत्या रकान्यात लिहितात?