सायकल ही गरिबीची खूण नाही

कसारा घाट चढताना रेल्वेगाडीलाही मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्याच घाटाच्या रस्त्याने माणूस स्वतःच्या पायांच्या बळावर सायकल चढवतो, तेव्हा वस्तीतले लोक म्हणतात, "श्रीमंतांचे चोचले!" मला हे पटत नाही.

सायकल आपल्याला नवी नाही. आपल्या वडिलांनी सायकलवरूनच कामाची पाळी गाठली आणि दळण आणलं. घरात मोटारसायकल आली आणि सायकल जिन्याखाली गंजत पडली. आता ती बाहेर काढायची लाज वाटते. लोक म्हणतील, परिस्थिती बिघडली. पण त्याच पगारातून गाडीचा हप्ता जातो आणि बीपी-शुगरच्या गोळ्याही येतात, त्याची लाज कुणाला वाटत नाही.

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. ते डॉक्टर, त्यांची साधनं वेगळी, हे खरं. पण आपला घाट तर दारातच आहे.

त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्यापासून पहाटे निघायचं, इगतपुरी गाठायची, घाट उतरून कसारा आणि परत. शंभराहून जास्त किलोमीटरचा दिवस. एके काळी सोपाऱ्याच्या बंदरातला माल याच थळ घाटाने वर यायचा. त्रिरश्मीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत व्यापारीही होते. ही वाट आपल्या वारशाची आहे.

खरी परीक्षा परतीची. कसारा ते इगतपुरी सुमारे ३०० मीटर उंची चढायची. जड गिअरवर जोर लावला तर गुडघे बोलतात. अगदी रेंगाळलं तर ऊन गाठतं. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दाखला दिला होता: फार ताणू नये, सैलही सोडू नये. घाटात तोच मध्यम मार्ग कामी येतो. हलका गिअर, एकसारखा श्वास, तहान लागण्याआधी पाण्याचा घोट. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, दोन्ही ब्रेक थांबून थांबून वापरा. हेल्मेट आणि सोबत हवीच. हा ट्रकचा रस्ता आहे.

कुणी विचारेल, दिवसभर पाट्या उचलणाऱ्याला हा व्यायाम कशाला? बरोबर आहे, त्याला आधी विश्रांती आणि पोटभर सकस जेवण हवं. पण वस्तीत आता रिक्षा चालवणारे, शिलाई करणारे, वॉचमन, ऑफिसात बसणारेही आहेत. त्यांचं शरीर बसून बसून झिजतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. रोज कामाला सायकलने गेलं तरी तो भरतो.

म्हणून घाटापासून सुरुवात करू नका. या रविवारी जिन्याखालची सायकल काढा, हवा भरा, ब्रेक तपासा आणि त्रिरश्मीपर्यंत जाऊन या. मुलींनाही सोबत घ्या. हृदयाचा त्रास, बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर ठेवा. छातीत दुखलं, अंधारी आली तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

पिढ्यान् पिढ्या आपलं शरीर दुसऱ्यांच्या कामासाठी झिजलं. आठवड्यातली एक सकाळ ते आपल्या स्वतःसाठी चालू द्या.

जय भीम!